दुग्धाम्लावरील आळ

गेल्या वर्षीच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात चारशे मीटर धावण्याच्या शर्यतीच्या वेळी आम्ही समाप्तीच्या रेषेपाशी वेळ मोजण्याचे घड्याळ हाती घेऊन उभे होतो. आमचे क्रीडांगण लहान आहे. त्याला दोन फेऱ्या घातल्या म्हणजे चारशे मीटर भरतात. नववीतील एक मुलगा आरंभापासूनच सर्वांच्या पुढे होता. दीड फेरी होईपर्यंत त्याचे पाऊल इतके हलके पडत होते की निकाल लागल्यासारखाच वाटत होता. शेवटच्या वळणावर मात्र काहीतरी बिघडले. मान मागे गेली, हात छातीशी आखडले, पावले उचलेनात आणि डोळ्यांदेखत चौघे जण त्याला मागे टाकून गेले. रेषा ओलांडताच तो गवतावर आडवा झाला. त्याला पाणी मिळण्यापूर्वी अभिप्राय मिळाले. "दम नाही" हा पहिला. "आजकालच्या मुलांच्या पोटात दूधतूप आहे कुठे?" हा पालकवर्गाच्या बाजूने आलेला दुसरा. तिसरा शास्त्रीय होता : "स्नायूंत ॲसिड साठले आहे. उद्या सकाळी शंभर उठाबशा आणि मैदानाला दहा फेऱ्या, म्हणजे सगळे निघून जाईल." त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी हा उपचार झाला. पुढील आठवडाभर तो मुलगा जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. आणि आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडला गेला तेव्हा त्यात त्याचे नाव नव्हते.

या तिसऱ्या अभिप्रायाबद्दल आम्हांला दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही, कारण तो आमच्याच वर्गातून बाहेर पडलेला होता. कित्येक वर्षे आम्ही फळ्यावर लिहीत आलो की, प्राणवायू अपुरा पडला म्हणजे स्नायूंत दुग्धाम्ल तयार होते, दुग्धाम्ल साठले म्हणजे थकवा येतो, आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी अंग दुखते. या विधानाचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, दुसरा वादग्रस्त आहे, आणि तिसरा चक्क चुकीचा आहे. हा तिसरा भाग आपल्या शाळांतून पुसला गेला पाहिजे असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. केवळ शास्त्राच्या शुद्धतेसाठी आम्ही हे म्हणत नाही. त्याच्या आधारावर आपण मुलांच्या शरीराकडून जे करवून घेतो, त्याची आम्हांला अधिक चिंता वाटते.

प्रथम स्नायूत घडते काय ते पाहू. स्नायूचा प्रत्येक तंतू आखडतो तो एका विशिष्ट द्रव्याच्या बळावर. त्याचे नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. सोयीसाठी त्याला एटीपी म्हणतात. आपण खाल्लेली भाकरी, रक्तातील साखर, श्वासातून आलेला प्राणवायू ही सारी एटीपी बनविण्याची साधने होत. स्नायूला प्रत्यक्ष कळते ते केवळ एटीपीचे चलन. आश्चर्य असे की या चलनाचा साठा अत्यल्प असतो. वेगाने धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंतील तयार एटीपी दोन-तीन सेकंदांपुरतेच असते. त्याच्या पाठोपाठ क्रिएटिन फॉस्फेट नावाची राखीव शिबंदी असते. ती खर्ची पडलेले एटीपी तत्काळ भरून काढते; परंतु पूर्ण जोराच्या श्रमात तीही आठ-दहा सेकंदांत संपत येते. या दोन्ही द्रव्यांच्या शोधात आपल्या देशातील एका माणसाचा मोठा वाटा आहे, हे विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते. भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्यासह १९२७ साली क्रिएटिन फॉस्फेटचा शोध जाहीर केला, व १९२९ साली स्नायूंतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधून काढले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर ही तीन अक्षरे वाचताना हे नाव उच्चारले जावे अशी आमची फार इच्छा आहे.

दहा सेकंदांनंतर भिस्त येते ती साखरेवर. ग्लुकोजचा एक रेणू फुटून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात आणि पदरात एटीपीचे दोन रेणू पडतात. येथपर्यंत प्राणवायूची गरज लागत नाही. पुढे प्राणवायू मिळाला तर हेच पायरुविक आम्ल पेशीतील तंतुकणिकांत जाऊन पूर्ण जळते, कार्बन डायऑक्साइड व पाणी होते, आणि एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा ३६ किंवा ३८ असा आढळेल. मोजमाप सूक्ष्म झाल्यावर तो खाली आला. दोन कुठे आणि तीस कुठे, असे कोणीही म्हणेल. परंतु तंतुकणिकांचे काम बेताच्या गतीने चालते, तर साखर नुसती फोडण्याचे काम झपाट्याने होते. उत्पन्न थोडे, पण ते तत्काळ हाती येते.

आता अडचण कोठे येते ते समजण्यासाठी आमच्या बेळगाव भागातील वाचकांनी एखाद्या गुऱ्हाळाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चरकात ऊस घालावा, रस खाली पडतो आणि चिपाडे मागे राहतात. ती चिपाडे पाटीत भरून गडी नेतो, वाळली की चुलाणात जाळतात, आणि रिकामी पाटी घेऊन गडी पुन्हा चरकापाशी येतो. पाट्या मोजक्याच असतात. चुलाणाने चिपाडे घेण्याचे नाकारले आणि सगळ्या पाट्या भरून पडल्या, तर ऊस ढीगभर असूनही चरक थांबेल. पेशीतही तसेच आहे. साखर फुटताना तिच्यातील हायड्रोजन वाहून नेणारे एक द्रव्य असते, आणि ते फार थोडे असते. एरवी ते आपला भार तंतुकणिकांत रिकामा करून परत येते. तेथे प्राणवायू तो भार स्वीकारतो. श्रम इतके तीव्र झाले की तंतुकणिकांना तो भार तितक्या गतीने घेता येईना, तर हा वाहक भरलेलाच राहील व साखर फोडण्याचे काम ठप्प होईल. तसे होऊ नये म्हणून एक विकर पुढे सरसावते, वाहकावरचा हायड्रोजन उतरवून पायरुविक आम्लावर ठेवते, आणि वाहक मोकळा होतो. हायड्रोजन अंगावर घेतलेले हे पायरुविक आम्ल म्हणजेच दुग्धाम्ल. चिपाडांचा ढीग चरकाच्या बाजूला रचावा आणि पाटी मोकळी करावी, इतकेच येथे घडते. गुऱ्हाळावर काम केलेला कोणताही माणूस सांगेल की चरक बंद पडतो तो ढिगामुळे नव्हे. ढीग रचण्याची सोय होती म्हणून तर तो चालू राहिला. शिवाय तो ढीग टाकाऊही नसतो. पुढे वाळला की तोच जाळाला येतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याकडे आम्ही परत येणार आहोत.

ही युक्ती निसर्गाने स्नायूंसाठीच राखून ठेवलेली नाही. विरजण लावलेल्या दुधातील जंतू नेमके हेच करतात, आणि म्हणून दही आंबट होते. किण्व मात्र त्याऐवजी मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बनविते. पावाला जाळी पडते ती त्यामुळे.

येथे आमच्या फळ्यावरील पहिल्या विधानालाही थोडी मुरड घालणे अवश्य आहे. "प्राणवायू संपला की दुग्धाम्ल" असे म्हटले म्हणजे मुलांची समजूत होते की धावणाऱ्याच्या पायांतून प्राणवायू नाहीसाच होतो. तसे नसते. १९६० साली रोम येथे मिल्खासिंग चारशे मीटर अंतर ४५.६ सेकंदांत धावून चौथे आले. अशा शर्यतीतसुद्धा सुमारे दोनपंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या मार्गानेच येते. अपुरा पडतो तो वेग. मागणी इतकी तातडीची असते की प्राणवायूचा मार्ग चालू असूनही दुसरा, कमी उत्पन्नाचा पण जलद मार्ग सोबतीला घ्यावा लागतो.

मग या आम्लाच्या माथी दोष आला कसा? त्याची कथा मोठी विलक्षण आहे. स्वीडनच्या शेले यांनी १७८० साली आंबट दुधात हे आम्ल शोधले, म्हणून त्याचे नाव दुधावरून पडले. १८०७ मध्ये त्यांच्याच देशातील बर्झेलियस यांना ते शिकारीत धावून धावून मेलेल्या सांबरांच्या जातीच्या प्राण्यांच्या स्नायूंत आढळले. शंभर वर्षांनी, १९०७ साली, केंब्रिज येथे फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर अत्यंत काळजीपूर्वक प्रयोग केले. स्नायू प्राणवायूविना श्रमवला तर दुग्धाम्ल वाढत जाते व स्नायू थकतो. तोच स्नायू प्राणवायूत ठेवला तर आम्ल नाहीसे होते, असे त्यांनी दाखविले. प्रयोग उत्तम होता. परंतु थकवा आणि आम्ल ही दोन्ही एकाच वेळी एकाच ठिकाणी दिसली, आणि दोघे एकत्र सापडले म्हणजे एकाने दुसऱ्याला केले असे लोकांनी ठरवून टाकले.

त्यानंतर इंग्लंडचे ए. व्ही. हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरील कार्यासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या काळी तर दुग्धाम्ल हेच स्नायूच्या आकुंचनाचे मूळ कारण मानले जाई. म्हणजे आजचा गुन्हेगार त्या वेळी यजमान होता! पुढे १९३० साली कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूंना असे विष दिले की त्यांत दुग्धाम्ल तयारच होऊ नये. तरीही स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिले. मूळ उपपत्ती कोसळली. या प्रसंगी हिल यांनी जे केले ते आम्हांला फार मोलाचे वाटते. ज्या उपपत्तीने त्यांना जगन्मान्य केले होते तीच ढासळल्यावर १९३२ साली त्यांनी स्वतः लेख लिहून स्नायुशास्त्रात क्रांती झाल्याचे मान्य केले. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याला जे जमले ते हायस्कूलच्या शिक्षकाला जमू नये, असे नाही.

उपपत्ती गेली, पण आळ मात्र राहिला. शास्त्रज्ञांच्या टेबलावरून तो तालमीत आला, मैदानावर आला, आमच्या फळ्यावर आला.

हा आळ खोटा कसा, याचा एक पुरावा आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. १९५१ साली लंडनमधील ब्रायन मॅकआर्डल या वैद्यांनी एका तीस वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणापासून थोड्याशा श्रमानेही त्याचे स्नायू दुखत, ताठरत, आणि त्याला थांबावे लागे. हाताला श्रम देऊन त्याचे रक्त तपासले, तर दुग्धाम्ल वाढलेले नव्हते. स्नायूतील साखरेचा साठा मोकळा करणारे विकर अशा रुग्णांत नसते, हे १९५९ साली उलगडले. म्हणजे ज्याच्या स्नायूंत दुग्धाम्ल तयार होऊ शकत नाही, तो मनुष्य अथक धावत नाही. उलट सर्वांच्या आधी थकतो, आणि वेदनाही त्यालाच अधिक होतात.

दुसरा पुरावा घड्याळाचा आहे. चारशे मीटर धावून आलेल्या माणसाच्या रक्तात दुग्धाम्ल विश्रांतीच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस पट वाढलेले असते, हे खरे. पण सुमारे तासाभरात ते जवळजवळ पूर्ववत होते. सावकाश चालत राहिले तर त्याहूनही लवकर. अंगदुखी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येते. चोरी झाली मंगळवारी रात्री, आणि ज्याच्यावर संशय तो तर सोमवारीच गाव सोडून गेलेला, असा हा खटला आहे.

तिसरा पुरावा आमच्या विद्यार्थ्यांच्या पायांतच आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडावर आपल्या सहली नेहमी जातात. चढताना छाती फुटते, दम लागतो, थांबावे लागते. उतरताना मुले गाणी म्हणत, उड्या मारीत येतात. अंगदुखी आम्लाने होत असती तर चढण्याचे स्नायू दुखावयास हवे होते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर बसताना जी मांडी ओरडते, ती उतरताना प्रत्येक पावलागणिक देहाचा भार झेलणारी, ताणली जात असतानाच आखडून धरणारी मांडी असते. १९८३ साली अमेरिकेत हीच गोष्ट प्रयोगाने पाहिली गेली. काही माणसे सपाटीवर धावली, काही उतारावर. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात दुग्धाम्ल चांगलेच वाढले, पण पुढे त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे दुग्धाम्ल वाढले नाही आणि पाय मात्र दुखले. खरे पाहता १९०२ सालीच थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून सांगितले होते की ही वेदना स्नायूंतील सूक्ष्म इजेची असावी. सव्वाशे वर्षे झाली, आणि आम्ही अजून आम्लाच्याच मागे धावत आहोत.

हे आम्ल जाते तरी कोठे? आमच्या गुऱ्हाळावरील ढिगाप्रमाणे ते जाळाला लागते. मांसाहारी घरांतील वाचकांनी कोंबडीच्या छातीचा पांढरा आणि मांडीचा तांबूस स्नायू पाहिला असेल. आपल्या स्नायूंतही असे पांढरे, झपाट्याचे तंतू आणि तांबडे, चिवट तंतू एकमेकांशेजारी नांदतात. पांढऱ्यांनी बाहेर टाकलेले दुग्धाम्ल तांबडे तंतू आत घेऊन प्राणवायूच्या साहाय्याने जाळतात. हृदय तर ते आवडीने खाते. उरलेले यकृतात जाते आणि त्याची पुन्हा साखर होते. या फेऱ्याला कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याचे नाव आहे, आणि त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कॅलिफोर्नियातील जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० नंतरच्या दशकात हा सारा व्यवहार उलगडून दाखविला, आणि दुग्धाम्ल हा मळ नसून एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा शिधा आहे, असे मत मांडले. आज ते सामान्यतः स्वीकारले गेले आहे. शरीर ज्याला शिधा म्हणून सांभाळते ते बाहेर काढण्यासाठी मुलाला दहा फेऱ्या मारायला लावणे, हे कणगीतील धान्य उपसून उकिरड्यावर टाकण्यासारखे आहे.

मग त्या नववीतील मुलाचे पाय का थांबले, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न न्याय्य आहे. एटीपी वेगाने फुटू लागले म्हणजे स्नायूत फॉस्फेट साचते, आणि ते आकुंचनाचा जोर कमी करते. पेशीतील आम्लताही वाढते. पायांत पेटल्यासारखे वाटते त्याच्याशी तिचा संबंध आहे. पण ती आम्लता दुग्धाम्लानेच आणली, की एटीपी फुटण्याच्या क्रियेनेच, याविषयी शास्त्रज्ञांत २००४ सालापासून जोराचा वाद चालू आहे. २००१ साली डेन्मार्कमधील संशोधकांना तर दुग्धाम्लामुळे थकलेल्या स्नायूचा जोर परत येताना आढळला. तेव्हा या बाबतीत आम्ही कोणालाही निर्दोष ठरविण्याची घाई करीत नाही. एवढे मात्र निश्चित की त्या मुलाच्या पायांचे थांबणे हे एक रासायनिक सत्य होते, चारित्र्यातील उणीव नव्हे. त्याला दम नव्हता असे नाही. पहिल्या दीड फेरीत तो आपला सारा दम खर्चून बसला होता, आणि खर्च कसा करावा हे त्याला कोणी शिकविले नव्हते. आम्ही शिकविले नव्हते.

यातून आमच्या काही सूचना निघतात, आणि त्या मांडताना आम्हांला थोडा रोष पत्करावा लागेल याची जाणीव आहे.

पहिली गोष्ट उठाबशांची. उठाबशी काढताना बसण्याची जी क्रिया, ती गड उतरण्यासारखीच आहे. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरतो. सराव नसलेल्या मुलाला एकदम शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावणे म्हणजे त्याच्या स्नायूंना जाणूनबुजून इजा करणे होय. अतिरेक झाला तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतील द्रव्य मूत्रपिंडांत अडकते, लघवी काळपट होते, आणि प्रसंगी रुग्णालय गाठावे लागते. अशा घटना वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. लघवीचा असा रंग दिसला तर पालकांनी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केलेली आहे हे खरे, पण उठाबशांना आपण शिक्षा म्हणत नाही, "व्यायाम" म्हणतो, आणि ॲसिड काढायचे म्हटले की तो उपचारही होतो. शास्त्राचा एक चुकीचा शब्द कायद्यालाही कसा वळसा घालतो, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. आपल्या कबड्डीपटूला एका दमात, अखंड "कबड्डी कबड्डी" म्हणत, ३० सेकंदांच्या आत चढाई करून परतावे लागते. ती चढाई मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटवर आणि साखर फोडण्यावर चालते. हे क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्याअधिक भरून यावयास सुमारे अर्धे मिनिट लागते, पूर्ण भरावयास तीन ते पाच मिनिटे. आणि ते भरण्यासाठी प्राणवायूच लागतो. म्हणून एकाच मुलाला पाठोपाठ चढाईस पाठविणारा कर्णधार शूर असला तरी हिशेबी नव्हे. शर्यतींच्या बाबतीत तर आमचा हिशेब याहूनही वाईट आहे. प्राथमिक फेरी अकराला, अंतिम फेरी साडेअकराला, कारण पाहुण्यांना एक वाजता जेवावयाचे असते! खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्या प्रसंगाविषयी सांगितले जाते की जपानच्या शोहाची इशी यांच्याशी कुस्ती होताच त्यांना नियमाची विश्रांती न देता सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, आणि त्यांच्या बाजूने बोलावयास तेथे कोणी नव्हते. सत्तर वर्षे आपण ही गोष्ट मुलांना हळहळत सांगतो, आणि दर डिसेंबरात आपल्याच मैदानावर तिची पुनरावृत्ती करतो.

तिसरी गोष्ट तयारीची. क्रीडामहोत्सवाच्या आधी आठवडाभर मुलांना पहाटे बोलावून अंग मोडेपर्यंत पळवावयाचे, ही आपली परंपरा. स्नायूचा एक उपकारक स्वभाव असा आहे की त्याला एकदा थोडीशी झळ लागली की पुढील काही आठवडे तशाच श्रमाने तो तितका दुखत नाही. तेव्हा थोडक्यावरून आरंभ करून दोन महिने हळूहळू वाढविले, तर मुलांचे हाल टळतील आणि तंतुकणिकांची संख्याही वाढेल. आजीच्या हातच्या तेलमालिशीला आमचा मुळीच विरोध नाही. तिने ॲसिड निघत नाही, पण बरे वाटते. आणि बरे वाटणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी आमचे या विषयावर सविस्तर बोलणे झाले. त्यांना उठाबशांचा मुद्दा तत्काळ पटला. विश्रांतीच्या मुद्द्यावर त्यांनी वेळापत्रक आमच्यापुढे ठेवले आणि तुम्हीच बसवून दाखवा म्हणाले. आम्ही दोन संध्याकाळ खपून ते बसविले. चारशे मीटरची प्राथमिक फेरी या वर्षी पहिल्या दिवशी आहे, अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी. गोणपाट-शर्यत त्यासाठी वगळावी लागली, याबद्दल पाचवीच्या वर्गाची आम्ही क्षमा मागतो. तो मुलगा आता दहावीत आहे आणि गणेशचतुर्थी झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस मैदानावर येतो. पहिली फेरी राखून कशी धावावी हे तो शिकत आहे. अजून पुरते जमलेले नाही.

वर्गात फळ्यावरील जुने विधान आम्ही पुसले त्या दिवशी मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. "सर, हे सगळे खरे असेल. पण परीक्षेत काय लिहायचे?" वर्ग हसला, आम्हांला मात्र हसू आले नाही, कारण गुण तिचे जाणार होते. आम्ही तिला सांगितले की, श्रम तीव्र झाले व प्राणवायूचा पुरवठा मागणीला पुरेनासा झाला म्हणजे स्नायू ग्लुकोजपासून दुग्धाम्ल बनवितो, असे लिही. ते खरे आहे. त्यातून दोन एटीपी मिळतात असे लिही. तेही खरे आहे. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे वाक्य लिहू नकोस. त्याबद्दल अर्धा गुण कापला गेला तर ती उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे ये. सहामाहीत तिचा तो अर्धा गुण कापला गेला. उत्तरपत्रिका आमच्या टेबलावर आहे, आणि ज्यांनी ती तपासली त्यांच्याकडे आम्ही सोमवारी जाणार आहोत.